क्लस्टर चालू ठेवून स्टोरेज स्विचचं फर्मवेअर बदलायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोज सर्व्हर २०१९ वर चार नोडचा (म्हणजे चार सर्व्हरचा) हायपर-कन्व्हर्ज्ड क्लस्टर, म्हणजे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आणि स्टोरेज दोन्ही त्याच सर्व्हरवर; त्यावर स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट (सगळ्या नोडच्या डिस्क मिळून एकच साठा करणारी विंडोजची सोय), सगळे व्हॉल्यूम थ्री-वे मिरर, म्हणजे डेटाच्या तीन प्रती वेगवेगळ्या नोडवर. प्रत्येक नोडला २५ गिगाबिटची दोन पोर्ट, एक स्विच 'अ' ला आणि एक स्विच 'ब' ला. व्यवस्थापन, व्हीएम आणि स्टोरेज असा सगळा ट्रॅफिक याच दोन पोर्टवरून जातो. दोन्ही स्विचचं फर्मवेअर बदलायचं आहे आणि प्रत्येक स्विच साधारण १० ते १५ मिनिटं बंद राहील. एकेक नोड पॉज करत जावं का, पूर्ण क्लस्टर बंद करावा का, की व्हीएम चालू ठेवूनच काम उरकता येईल?

व्हीएम चालू ठेवून काम होतं. मी असं काम बऱ्याचदा केलं आहे. पण ते एकाच अटीवर होतं: पहिला स्विच परत आल्यावर त्याच्यावरून स्टोरेजचा ट्रॅफिक खरोखर वाहतो आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पहिला स्विच बंद होतो तेव्हा सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसरा बंद होतो तेव्हा, कारण पहिला परत आला आहे असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

आधी नोड पॉज करण्याबद्दल. सस्पेंड-क्लस्टरनोड आणि ड्रेन ही नोडच्या देखभालीची हत्यारं आहेत. एका नोडला हात लावायचा असेल तर त्यावरचे व्हीएम बाकीच्या तिघांकडे पाठवायचे, त्याच्या डिस्क मेन्टेनन्स मोडमध्ये टाकायच्या, काम करायचं आणि परत घ्यायचं. स्विचचा मामला वेगळा आहे. स्विच 'अ' बंद झाला की चारही नोडचा एकेक पाय एकाच क्षणी जातो. त्या वेळी एक नोड पॉज करून ठेवला असेल तर त्याच्या डिस्कवरची प्रत मागे पडते, काम संपल्यावर ती पुन्हा जुळवावी लागते, आणि त्या काळात मिररमधला एक पदर विनाकारण कमी असतो. म्हणजे नेटवर्कचा अर्धा आधार काढून घेतलेला असताना स्टोरेजचाही थोडा आधार आपणच काढायचा. ते करू नका. चारही नोड 'अप', सगळे व्हर्च्युअल डिस्क 'हेल्दी' आणि एकही स्टोरेज जॉब चालू नाही, अशा अवस्थेतच कामाला सुरुवात करा.

या सगळ्याच्या आधी नेटवर्कवाल्यांना एक गोष्ट विचारा. ही दोन स्विचं खरोखर दोन आहेत का? स्टॅक केबलने जोडून त्यांचा एकच स्विच केला असेल तर बऱ्याच स्टॅकमध्ये फर्मवेअर चढवताना सगळे सदस्य एकदमच रीबूट होतात. रॅकमध्ये खोकी दोन दिसली तरी त्या रात्रीपुरता तुमच्याकडे एकच स्विच आहे. एमलॅगची जोडी (दोन वेगळे स्विच, पण जोडलेल्या उपकरणाला एकासारखे दिसणारे) असेल तर दोघांची डोकी वेगळी असतात आणि एकेक करून अपडेट होतो, फक्त दोघांवर वेगळी आवृत्ती किती काळ चालते हे निर्मात्याच्या रिलीज नोट्समध्ये वाचून घ्या. पूर्ण स्वतंत्र दोन स्विच आणि मध्ये साधी ट्रंक (दोघांना जोडणारी लिंक), ही रचना या कामाला सगळ्यात सोपी.

स्टॅक निघाला तर व्हीएम चालू ठेवायचा विचार सोडा आणि रीतसर बंद करा. आधी व्हीएम आतून शटडाउन, मग व्हर्च्युअल डिस्क ऑफलाइन, मग स्टॉप-क्लस्टर. नेटवर्क परत आलं, नोड एकमेकांना दिसले, की स्टार्ट-क्लस्टर आणि डिस्क ऑनलाइन. तासाभराचा डाउनटाइम मागायला जीवावर येतं हे मला माहीत आहे. पण क्लस्टर चालू असताना चारही नोड एकमेकांपासून तुटले तर काय होतं ते बघा. क्लस्टर चालू राहायला मतांचं बहुमत लागतं: चार नोडची चार मतं, विटनेसचं (मत द्यायला ठेवलेल्या बाहेरच्या साक्षीदाराचं) एक, एकूण पाच. बहुमताला तीन लागतात. एकट्या पडलेल्या नोडकडे स्वतःचं एक आणि विटनेस मिळालाच तर दुसरं, बस. डायनॅमिक कोरम अशा वेळी मदतीला येत नाही, कारण तो एकामागून एक गेलेल्या नोडचा हिशोब जुळवतो, आणि इथे सगळे एकदम गेलेले असतात. कुणाकडेच बहुमत नाही, म्हणून क्लस्टर सेवा सगळीकडे थांबते, इव्हेंट ११७७ पडतो आणि चालू व्हीएम जागच्या जागी मरतात. डेटाबेस असलेल्या व्हीएमला त्यातून उठवायला जो वेळ जातो त्यापुढे ठरवून घेतलेला तास स्वस्त आहे.

तुमचे स्विच स्वतंत्र आहेत असं धरून पुढे जातो.

केबल तपासा. कागदावर प्रत्येक नोडचं पोर्ट १ 'अ' ला आणि पोर्ट २ 'ब' ला असतं. प्रत्यक्षात कधीतरी कार्ड बदललेलं असतं, कुणीतरी केबल ओढून परत लावलेली असते, आणि एका नोडच्या दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये सापडतात. रोज वापरात हे कधीच लक्षात येत नाही, कारण सगळं चालत असतं. दोन्ही स्विचवर एलएलडीपीची (उपकरणं शेजाऱ्याला स्वतःची ओळख सांगतात तो प्रोटोकॉल) शेजाऱ्यांची यादी काढा, आणि सर्व्हर एलएलडीपी पाठवत नसतील तर मॅक टेबल (कुठल्या पोर्टवर कुठलं कार्ड दिसतं ती यादी) काढून नोडच्या कार्डांच्या पत्त्यांशी ताडून बघा. चार नोड, आठ केबल, दहा मिनिटांचं काम.

स्विच एम्बेडेड टीमिंग, म्हणजे दोन भौतिक पोर्टची मिळून एक जोडी करण्याची विंडोजची सोय, वापरत असाल (तुमच्या वर्णनावरून तसंच दिसतं) तर स्विचच्या बाजूला ती पोर्ट कुठल्याही पोर्ट-चॅनलमध्ये (अनेक पोर्ट एकत्र बांधलेल्या गटात) नाहीत ना, तेही बघा. ही टीमिंग एलएसीपी (असे गट बांधण्याचा प्रोटोकॉल) बोलत नाही. नेटवर्कच्या माणसाला दोन केबल दिसल्या की सवयीने बांधायचा मोह होतो, आणि तसं बांधलेलं अर्धवट चालतं, हेच त्यातलं वाईट.

आता व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळी केलेली आभासी नेटवर्क. इथे बहुतेक लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्टोरेजसाठी सहसा दोन व्हर्च्युअल कार्डं असतात, आपण त्यांना एसएमबी-१ आणि एसएमबी-२ म्हणू (एसएमबी म्हणजे नोड आपसात स्टोरेजचा डेटा पाठवतात तो प्रोटोकॉल). दोघांचे सबनेट वेगळे, व्हीलॅन वेगळे. टीम मॅपिंग करून एसएमबी-१ 'अ' कडच्या भौतिक पोर्टला बांधलेलं असतं आणि एसएमबी-२ 'ब' कडच्या. 'अ' कडची लिंक गेली की टीमिंग एसएमबी-१ ला उचलून 'ब' कडच्या पोर्टवर ठेवते. आता 'ब' च्या त्या पोर्टवर एसएमबी-१ चा व्हीलॅन परवानगीच्या यादीत नसेल तर ते कार्ड 'अप' दिसेल, पत्ता असेल, पण पलीकडे काहीच पोहोचणार नाही. पूर्ण 'अ' बंद असताना हे कदाचित खपून जाईल, कारण एसएमबी-२ चा रस्ता शाबूत असतो. पण तुम्ही 'अ' ची पोर्ट एकेक करून बंद करायला लागलात की मधली अवस्था येते. पहिल्या नोडचं एसएमबी-१ 'ब' वर आलेलं आहे, बाकी तिघांचं अजून 'अ' वरच आहे. त्यांचं आपसातलं बोलणं दोन स्विचमधल्या ट्रंकवरून जाणार. त्या ट्रंकवर दोन्ही स्टोरेज व्हीलॅन हवेत, मोठ्या फ्रेमची परवानगी हवी, आणि आरओसीई (आरडीएमएचा, म्हणजे प्रोसेसरला वळसा घालून थेट मेमरीत डेटा नेण्याचा, एक प्रकार) वापरत असाल तर प्रायॉरिटी फ्लो कंट्रोलही (गर्दीत पॅकेट पाडण्याऐवजी पाठवणाऱ्याला थांबवणारी सोय) हवा. म्हणून आधीच नियम करून टाका: दोन्ही स्टोरेज व्हीलॅन दोन्ही स्विचवर, सगळ्या सर्व्हर पोर्टवर आणि मधल्या ट्रंकवर. आयवॉर्प हा आरडीएमएचा दुसरा प्रकार असेल तर फ्लो कंट्रोलची चिंता कमी, कारण ते टीसीपीवर चालतं आणि हरवलेलं पॅकेट स्वतः परत पाठवतं. आरओसीईला हरवलेलं पॅकेट मानवत नाही.

माझ्या एका कामात जे झालं ते सांगतो, कारण वर सांगितलेली अट मी तिथून शिकलो. तिथली रचना तुमच्यापेक्षा थोडी वेगळी होती: चार नोड, स्टोरेजला २५ गिगाबिटची दोन स्वतंत्र पोर्ट, आणि व्यवस्थापन वेगळ्या १ गिगाबिटच्या स्विचवर. रात्री स्विच 'अ' खाली घेतला, फर्मवेअर चढवलं, तो परत आला. नेटवर्कच्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, सगळ्या लिंक अप. मी क्लस्टर बघितला, चारही नोड 'अप'. व्हर्च्युअल डिस्क बघितले, सगळे 'हेल्दी'. म्हटलं, घ्या दुसरा. 'ब' खाली गेला आणि मिनिटाच्या आत व्हीएमचे कन्सोल गोठायला लागले. माउस हलतो, पण काहीही उघडत नाही. सीएसव्ही (सगळे नोड एकदम वापरतात ते सामायिक व्हॉल्यूम) पॉज झाल्याचे ५१२० चे इव्हेंट एकामागून एक पडू लागले. आणि क्लस्टर मॅनेजरमध्ये चारही नोड तसेच हिरवे.

झालं होतं असं. 'अ' वर स्टोरेजचे व्हीलॅन काही महिन्यांपूर्वी ट्रंकमध्ये घातले होते, पण कॉन्फिगरेशन सेव्ह केलेलंच नव्हतं. चालू स्विचमध्ये ते होतं, रीबूटनंतर गेलं. लिंक अप होत्या कारण केबल आणि पोर्ट शाबूत होतं. नोड हिरवे होते कारण क्लस्टरचे हार्टबीट (नोड एकमेकांना 'मी जिवंत आहे' सांगतात ते संदेश) त्या १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून सुखाने जात होते. व्हर्च्युअल डिस्क हेल्दी होते कारण 'ब' चालू असेपर्यंत सगळा स्टोरेज ट्रॅफिक तिथून जात होता. 'ब' गेल्यावर चार नोडच्या एनव्हीएमई डिस्कांचा सगळा भार त्या १ गिगाबिटच्या वाटेवर येऊन पडला. क्लस्टर नेटवर्कच्या यादीत एसएमबी-१ समोर 'पार्टिशन्ड' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ती यादी मी उघडलीच नव्हती. 'ब' परत उभा राहीपर्यंत थांबण्याशिवाय हातात काही नव्हतं, आणि त्यानंतरचे काही तास प्रती पुन्हा जुळताना बघण्यात गेले.

तेव्हापासून मी लिंकचा दिवा आणि नोडचा हिरवा रंग पुरावा म्हणून धरत नाही. तुम्हीही धरू नका.

तयारीत सगळ्यात आधी दोन्ही स्विचवर चालू कॉन्फिगरेशन आणि सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन यांची तुलना करा. फरक निघाला तर तो काय आहे, कुणी केला, हवा आहे का, हे ठरवून मगच सेव्ह करा. डोळे मिटून सेव्ह केलं तर कुणाचा तरी अर्धवट प्रयोगही कायमचा बसतो. दोन्ही स्विचच्या कॉन्फिगरेशनची प्रत स्विचच्या बाहेर आणि या क्लस्टरच्याही बाहेर ठेवा. ती प्रत याच क्लस्टरवरच्या फाइल सर्व्हरमध्ये असेल तर गरजेच्या वेळी उघडणार नाही. हेच विटनेसलाही लागू आहे. फाइल शेअर विटनेस याच क्लस्टरवरच्या व्हीएममध्ये असेल तर तो विटनेस नाही, आधी तो हलवा. आणि डोमेन कंट्रोलर फक्त याच क्लस्टरवर असतील तर स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड हाताशी ठेवा आणि सर्व्हरच्या बीएमसीपर्यंत (सर्व्हर दुरून सांभाळायला त्यात असलेली वेगळी चिप) वेगळ्या स्विचवरून पोहोचता येतं हे आदल्या दिवशी लॉगिन करून बघा. स्विचला कन्सोल केबल लावलेली असू द्या.

फर्मवेअरच्या रिलीज नोट्स क्यूओएसच्या (कुठल्या ट्रॅफिकला किती प्राधान्य, त्याच्या) नजरेने वाचा. काही उड्या थेट मारता येत नाहीत, मधली आवृत्ती आधी चढवावी लागते, म्हणजे एका स्विचचे दोन रीबूट आणि दुप्पट वेळ. बफरच्या किंवा फ्लो कंट्रोलच्या मूळ मांडणीत बदल असेल तर तो तिथेच लिहिलेला असतो.

वेळ ठरवताना बॅकअपचं वेळापत्रक समोर घ्या. देखभालीसाठी आपण मध्यरात्र निवडतो, आणि बॅकअपवाल्यांनीही तीच मध्यरात्र निवडलेली असते. एका स्विचवर असताना प्रत्येक नोडकडे ५० ऐवजी २५ गिगाबिट उरतात. रोजच्या कामाला ते पुरतात, पण त्यात पूर्ण बॅकअप, अँटिव्हायरसचं स्कॅन आणि क्लस्टर-अवेअर अपडेटिंगचं एखादं ठरलेलं सत्र आलं तर हिशोब बदलतो. अपडेटिंगचं सत्र तर नक्की थांबवा. तुमचा एक स्विच बंद असताना एखादा नोड आपोआप रीबूट होणं ही त्या रात्रीची सगळ्यात टाळण्यासारखी गोष्ट आहे.

हार्टबीटची मुदत वाढवावी का, असं बरेच जण विचारतात. विंडोज सर्व्हर २०१९ मध्ये मूळ सेटिंगप्रमाणे एकाच सबनेटवर दर सेकंदाला एक हार्टबीट जातो आणि लागोपाठ २० चुकले की नोड गेला असं धरलं जातं. दोन वेगळे स्विच असताना मी ही मुदत वाढवत नाही. एक रस्ता गेल्यावर दुसऱ्यावरून हार्टबीट यायलाच हवेत, आणि येत नसतील तर मला ते लगेच कळायला हवं.

आता प्रत्यक्ष रात्र.

सुरुवातीची नोंद फाइलमध्ये घ्या: गेट-क्लस्टरनोड, गेट-क्लस्टरनेटवर्क, गेट-व्हर्च्युअलडिस्क, गेट-फिजिकलडिस्क, गेट-स्टोरेजजॉब. आणि गेट-एसएमबीमल्टिचॅनलकनेक्शन. यातली मेख अशी की हा शेवटचा आदेश नुसता चालवला तर साध्या फाइल शेअरिंगची कनेक्शनं दिसतात. नोडमधल्या डिस्कांचा ट्रॅफिक बघायला त्याला एसएमबीइन्स्टन्स हा पॅरामीटर देऊन 'एसबीएल' सांगावं लागतं, आणि सीएसव्हीसाठी 'सीएसव्ही'. प्रत्येक नोडवर बाकीच्या तिन्ही नोडसमोर एसएमबी-१ आणि एसएमबी-२ असे दोन्ही पत्ते दिसायला हवेत आणि दोन्ही बाजूंना आरडीएमए 'ट्रू' हवं. हे चित्र जपून ठेवा. मधल्या तपासणीत तुम्हाला याच्याशीच तुलना करायची आहे.

स्विच 'अ' ची थेट वीज काढू नका, थेट रीलोडही देऊ नका. आधी त्यावरची सर्व्हर पोर्ट शट करा. पहिल्या नोडचं एक पोर्ट शट करा आणि दोन-तीन मिनिटं बघा. आरडीएमए कनेक्शन तुटेल, एसएमबी मल्टिचॅनल उरलेल्या वाटेने पुढे जाईल, व्हीएममध्ये फार तर क्षणभराचा खोळंबा जाणवेल. इथेच काही अडलं तर पोर्ट परत उघडलं की सगळं पूर्ववत होतं, रीबूट होणाऱ्या स्विचची पंधरा मिनिटं वाट बघावी लागत नाही. नीट चाललं तर दुसरा, तिसरा, चौथा नोड. चारही शट झाल्यावर थोडा वेळ तसंच राहू द्या. खरी परीक्षा आत्ताच झाली: स्विच 'अ' शिवाय क्लस्टर जगतो हे कळलं, आणि स्विच अजून चालूच आहे.

यानंतर मी एक गोष्ट मुद्दाम करतो. पोर्ट शट असलेल्या अवस्थेतच कॉन्फिगरेशन सेव्ह करतो आणि मग रीबूट देतो. कारण बूट होताना काही स्विच सर्व्हर पोर्टची लिंक आधी वर आणतात आणि पॅकेट पुढे ढकलायला नंतर सुरुवात करतात. जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमधली वर्तुळं टाळणारा प्रोटोकॉल) एज पोर्ट लावलेलं नसेल तर ऐकण्याची १५ आणि शिकण्याची १५ अशी ३० सेकंद पोर्ट मुकं असतं. सर्व्हरला मात्र लिंक दिसते, टीमिंग आपली कार्डं तिकडे परत पाठवते, आणि तो ट्रॅफिक अंधारात जातो. ३० सेकंद म्हणजे हार्टबीटच्या मुदतीपेक्षा जास्त. पोर्ट बंद अवस्थेत बूट झाला तर हा प्रकारच उद्भवत नाही. स्विच पूर्ण जागा झाला, ट्रंक वर आली, व्हीलॅन दिसले, मग पोर्ट आपण हाताने उघडायची.

स्विच परत आला. पोर्ट उघडण्याआधी व्हीलॅनची यादी, ट्रंकवरची परवानगी, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार), फ्लो कंट्रोल आणि बँडविड्थची वाटणी हे सगळं जुन्या प्रतीशी ओळ न् ओळ ताडून बघा. मग पहिल्या दोन नोडची पोर्ट उघडा. दोन, कारण वाट तपासायला दोन टोकं लागतात. आता एसएमबी-१ च्या पत्त्यावरून एसएमबी-१ च्या पत्त्यावर पिंग करा, स्रोत पत्ता स्वतः देऊन, तुकडे न करण्याचा पर्याय लावून आणि आकार ८९७२ ठेवून. कार्डात ९०१४ लिहिलेलं असतं त्यात इथरनेटच्या मथळ्याचे १४ बाइट धरलेले असतात, उरले ९०००, त्यातून आयपी आणि आयसीएमपीचे २८ गेले की ८९७२. छोटा पिंग गेला आणि हा अडला तर स्विचवर मोठ्या फ्रेमची सेटिंग हरवली आहे, तिथेच थांबा.

पिंग गेला म्हणजे काम झालं असंही नाही. पिंग आरडीएमएने जात नाही. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये आरडीएमए ॲक्टिव्हिटीचे काउंटर उघडा आणि एसएमबी-१ वर आकडे हलताहेत का ते बघा. तुटलेली कनेक्शनं नेहमी त्याच क्षणी परत बांधली जात नाहीत. काही मिनिटं द्या किंवा अपडेट-एसएमबीमल्टिचॅनलकनेक्शन चालवा. आरओसीई असेल तर स्विचवर त्या पोर्टचे काउंटर बघा: स्टोरेजच्या प्रायॉरिटीच्या रांगेत पॅकेट पडताहेत का, आणि तो ट्रॅफिक त्याच रांगेत येतो आहे का. स्टोरेजला सहसा प्रायॉरिटी ३ दिलेली असते. फ्लो कंट्रोल हरवलेला असला तरी हलक्या भारात सगळं ठीकच दिसतं, भार वाढला की पॅकेट पडतात आणि मग स्टोरेज अडखळतं. म्हणून थोडा भार टाकून बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

नीट असेल तर उरलेले दोन नोड. मग सुरुवातीचं चित्र आणि आत्ताचं चित्र शेजारी ठेवा. एसबीएलच्या यादीत प्रत्येक जोडीला दोन वाटा, आरडीएमए दोन्हीकडे, क्लस्टर नेटवर्क सगळी 'अप', स्टोरेज जॉब शून्य. एखादी जॉब चालू दिसली तर ती संपेपर्यंत थांबा.

आणि आता सेव्ह करा. हे विसरू नका. रीबूटच्या आधी आपण पोर्ट शट अवस्थेत सेव्ह केलं होतं. उघडल्यावर पुन्हा सेव्ह केलं नाही तर सहा महिन्यांनी वीज जाऊन येईल, स्विच उठेल, आणि सगळी सर्व्हर पोर्ट बंद असतील. मी हे वाक्य चेंजच्या कागदावर ठळक लिहितो आणि नेटवर्कच्या माणसाकडून त्यावर खूण करून घेतो.

'ब' त्याच रात्री घ्यावा का? निर्मात्याची दोन आवृत्त्यांना हरकत नसेल तर माझं मत आहे की घेऊ नये. 'अ' नवीन फर्मवेअरवर पूर्ण कामाचा एक दिवस आणि एक बॅकअपची रात्र काढू दे. खरा भार तेव्हा पडतो. काही लपलेलं असेल तर ते वर येईल आणि तेव्हा 'ब' जुन्या, ओळखीच्या आवृत्तीवर शाबूत असेल. एकाच रात्री करणं भागच असेल तर दोन्हींच्या मध्ये किमान तासभर ठेवा, आणि एक वेळ आधीच लिहून ठेवा: त्या वेळेपर्यंत 'अ' ची तपासणी पूर्ण झाली नाही तर आज 'ब' नाही. पहाटे तीनला थकलेल्या माणसांनी हा निर्णय नव्याने घ्यायचा नसतो.

एवढं करूनही क्लस्टर कोलमडला तर हात आवरा. पहिली ओढ नोड रीबूट करण्याची होते, ती टाळा. आधी नेटवर्क परत आणा, 'ब' ला लवकरात लवकर जुन्या अवस्थेत उभा करा. लिंक सारखी वर-खाली होत राहिली असेल तर एखादा नोड क्वारंटाइनमध्ये गेलेला दिसेल. तासाभरात तीनदा क्लस्टरमधून पडलेल्या नोडला दोन तास बाहेर ठेवलं जातं. कारण सापडलं, लिंक स्थिरावली, की स्टार्ट-क्लस्टरनोड ला क्लियरक्वारंटाइन लावून तो आत घ्या, पण कारण सापडल्यावरच. मग व्हर्च्युअल डिस्क बघा, सुटलेले असतील ते जोडा, आणि स्टोरेज जॉब शून्यावर येईपर्यंत एकाही नोडला हात लावू नका. प्रती जुळत असताना केलेला एक घाईचा रीबूट हीच ती जागा जिथे उशीर झालेल्या रात्रीचं रूपांतर हरवलेल्या डेटात होऊ शकतं.

क्लस्टर सेफ या मुक्तस्रोत स्टोरेज सॉफ्टवेअरचा असेल तर तर्क हाच, नावं वेगळी. तिथे काम सुरू करताना नोआउट लावा. नाहीतर खाली गेलेली ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारी सेवा) मूळ सेटिंगप्रमाणे ६०० सेकंदांनी बाहेर काढली जाते आणि नको तेव्हा डेटाची हलवाहलव सुरू होते. आणि क्लस्टर नेटवर्क गेलं पण पब्लिक नेटवर्क चालू राहिलं तर ओएसडी मॉनिटरकडे एकमेकांच्या तक्रारी करत वर-खाली होत राहतात, तेव्हा दोन्ही नेटवर्क वेगळी तपासा. व्हीएमवेअरचं स्टोरेज व्हीसॅन गायब झालेल्या घटकांची दुरुस्ती सुरू करण्याआधी मुळात ६० मिनिटं थांबतो, त्यामुळे तिथे एका स्विचच्या १५ मिनिटांची भीती कमी, पण दोन्ही वाटा तपासल्याशिवाय दुसरा स्विच तिथेही घ्यायचा नाही.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट आलेली नाही: कार्डं आरओसीईची आहेत की आयवॉर्पची. आदल्या दिवशी गेट-नेटअडॅप्टरआरडीएमए चालवून आणि ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड गुणधर्मांत बघून ते पक्कं करा. आरओसीई निघालं तर फ्लो कंट्रोलची तपासणी आठही पोर्टवर आणि मधल्या ट्रंकवर आजच करून घ्या, म्हणजे देखभालीनंतर काही वेगळं दिसलं तर ते नव्या फर्मवेअरमुळे आहे की आधीपासूनच तसं होतं, हे तुम्हाला सांगता येईल.